बस उभी, खर्च चालू: महामारीने एसटीच्या हिशेबाचं काय केलं

मार्च 2020च्या शेवटच्या आठवड्यात एसटीच्या जवळजवळ सगळ्या गाड्या आगारांत येऊन उभ्या राहिल्या. त्याआधी दिवसाला साधारण 65 लाख प्रवासी आणि 21-22 कोटी रुपयांचं उत्पन्न, असा महामंडळाचा रोजचा हिशेब होता. काही दिवसांत तो जवळपास शून्यावर आला. मुंबई परिसरात अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या तेवढ्या चालू राहिल्या.

गाडीच निघाली नाही तर डिझेल जळलं नाही, टायर झिजले नाहीत, मग तोटा कसला? प्रश्न रास्त आहे. महामारीत सार्वजनिक वाहतुकीचे पैसे कुठे आटतात हे कळायचं तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

एसटीचा खर्च दोन जातींचा असतो. पहिला, गाडी हलली की होणारा: डिझेल, ऑइल, टायर, टोल, सुटे भाग. दुसरा, गाडी हलो वा न हलो, महिना भरला की दारात उभा राहणारा: जवळपास एक लाख कर्मचाऱ्यांचे पगार, भविष्य निर्वाह निधी, राज्यभरातली सुमारे 250 आगारं, शेकडो बसस्थानकं, कार्यशाळा. एकट्या पगाराचा आकडाच महिन्याला तीनशे कोटींच्या घरात जायचा. गाडी थांबली की वाचतो तो फक्त पहिल्या जातीचा खर्च. उत्पन्न मात्र सगळंच्या सगळं जातं.

एका फेरीचं गणित मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या आगाराच्या वहीतले नव्हेत. गाडी 44 आसनांची. फेरीचा एकूण खर्च 4,000 रुपये. त्यातले 1,400 डिझेल-टायरचे, उरलेले 2,600 पगार आणि इतर बांधील खर्चाचे. तिकीट 130 रुपये. म्हणजे 31 प्रवासी बसले की 4,030 रुपये येतात आणि फेरी आपल्या पायावर उभी राहते. 44पैकी 31 म्हणजे साधारण 70 टक्के. एसटीत याला भारमान म्हणतात, आणि आगारातली निम्मी चर्चा या एका शब्दाभोवती फिरत असते.

22 मे 2020पासून रेड झोन सोडून इतरत्र जिल्ह्यांतर्गत गाड्या सुरू झाल्या, पण निम्म्या आसनांवर. आता आपल्या गाडीत जास्तीत जास्त 22 माणसं. सगळी आसनं भरली, वाहकाने कुणालाही उभं घेतलं नाही, नियम तंतोतंत पाळला, तरी हातात 2,860 रुपये. फेरी कागदावर 1,140 रुपयांनी तोट्यात. नियम पाळण्यातच तोटा ठरलेला होता, तो कुणाच्या गलथानपणाचा नव्हता.

मग अशी फेरी बंद करावी का? नाही. गाडी उभी ठेवली तर 2,600 रुपयांचा बांधील खर्च तसाच अंगावर येतो. 22 प्रवासी घेऊन ती चालवली तर डिझेलचे 1,400 वजा जाऊन 1,460 रुपये त्या खर्चाकडे वळतात आणि तोटा 1,140वर येतो. म्हणजे तोट्यातली गाडीसुद्धा उभ्या गाडीपेक्षा परवडते. ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून कधी कळत नाही. तिथे ‘एसटीला रोज इतक्या कोटींचा तोटा’ एवढंच येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की गाड्या बंद केल्या तर तोटा थांबेल.

एका टोकाला मात्र गणित उलटतं. गाडीत आठच माणसं असली तर 1,040 रुपये येतात आणि डिझेलचेही पैसे निघत नाहीत. आपल्या उदाहरणात हा काठ 11 प्रवाशांचा आहे. 31च्या वर फेरी कमावते. 11 ते 31च्या दरम्यान ती तोट्यात असते, पण चालवलेली बरी. 11च्या खाली ती रद्द केली की रोख पैसे वाचतात. हातात रोकडच नसलेला आगार व्यवस्थापक कुठल्या फेऱ्या आधी कापणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. तालुक्याच्या गावाहून वाडीवस्तीला जाणारी दुपारची गाडी, रात्री गावात थांबून पहाटे परत येणारी मुक्कामी गाडी, शाळेच्या वेळेची गाडी. शाळा बंद म्हणून शाळेच्या गाडीत पोरं नाहीत, पोरं नाहीत म्हणून फेरी नाही. पुढे शाळा उघडल्या, पण बंद पडलेली फेरी आपोआप सुरू होत नसते. त्यासाठी गाडी लागते, चालक लागतो, वेळापत्रकात जागा लागते, आणि मधल्या काळात त्या रस्त्यावर वडाप किंवा काळी-पिवळी स्थिरावलेली असते.

मोसमाचीही गोष्ट आहे. एसटीची खरी कमाई उन्हाळ्यात होते: लग्नसराई, सुट्ट्या, देवदर्शन, मुंबई-पुण्याहून गावी येणारी माणसं. टाळेबंदी नेमकी त्याच महिन्यांत आली. त्यानंतरचा मोठा हंगाम आषाढीचा. एरवी पंढरपूरसाठी राज्यभरातून जादा गाड्या सुटतात. 2020मध्ये मानाच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीनेच पंढरपूरला गेल्या. ‘विठाई’ नाव लिहिलेल्या गाड्या होत्या, पण जादा वाहतूक नव्हती. गणपतीला कोकणच्या गाड्या सुटल्या, त्याही निर्बंधांच्या चौकटीत. जिल्ह्याबाहेर जाणारी सेवा ई-पासशिवाय खुली झाली ती 20 ऑगस्टला. वर्षाचा तोटा भरून काढायला एरवी जे महिने कामी येतात, तेच हातचे गेले.

तिकिटाच्या आधारावर उभी संस्था

आता मुळाशी जाऊ. एसटी महामंडळ हे सरकारी खातं नाही. 1950च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली ते चालतं, आणि त्या कायद्याचं कलम 22 सांगतं की महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर काम करावं. म्हणजे पोलीस ठाण्याला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला जसा अर्थसंकल्पातून पगार येतो, तसा चालक-वाहकांना येत नव्हता. तो प्रवाशाच्या खिशातून, तिकीट मशिनमधून यायचा.

व्यापार म्हटलं तर मग शिवनेरीने मुंबई-पुणे धावावं आणि बाकीचा महाराष्ट्र सोडून द्यावा. तसं होत नाही, होऊही नये. नफ्याच्या मार्गांवरचे पैसे तोट्याच्या मार्गांवर वळवायचे, अशी ही जुनी व्यवस्था आहे. पुण्याहून नाशिकला जाणारा प्रवासी नकळत कुठल्या तरी आदिवासी पाड्याच्या गाडीचं डिझेल भरत असतो. महामारीत आधी आटले ते हे कमावते मार्ग, कारण लांबचा प्रवास बंद होता आणि ज्यांना परवडत होतं ते स्वतःच्या चारचाकीत शिरले. त्यातले बरेच पुन्हा बाहेर आले नाहीत. वरचं पाणी आटलं की खालचं शेत सुकणारच.

यात आणखी एक गंमत. एसटीच्या तिकिटातून राज्य सरकार 17.5 टक्के प्रवासी कर घेतं. संस्था तोट्यात म्हणून सरकारकडे मदत मागते, आणि तीच संस्था प्रत्येक तिकिटामागे सरकारला कर देणं लागते. शहर बससेवांना हा कर यापेक्षा कितीतरी कमी आहे. गावाकडच्या प्रवाशाकडून जास्त कर का, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

पगार कुठून आले

2020च्या पावसाळ्यापासून पगार रखडू लागले. दिवाळीच्या तोंडावर तीन-तीन महिन्यांचे पगार थकले होते. नोव्हेंबरमध्ये जळगाव आणि रत्नागिरीत एसटी कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि राज्य हादरलं. त्यानंतर तेव्हाचे परिवहन मंत्री अनिल परब यांनी पगारासाठी 1,000 कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. मदत मोठी होती, पण ती कशासाठी आहे हे नीट पाहायला हवं: पगारासाठी. गाड्या घ्यायला नाही, सुट्या भागांची थकीत बिलं चुकवायला नाही.

महामंडळाने स्वतःही हातपाय मारले. प्रवासी गाड्यांची आसनं काढून मालवाहतूक सुरू केली. स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. मुंबईत लोकल सामान्यांसाठी बंद होती आणि सगळा भार बेस्टवर पडला होता, तेव्हा एसटीच्या सुमारे एक हजार गाड्या बेस्टच्या मार्गांवर धावल्या आणि बेस्टने त्याचे किलोमीटरमागे पैसे दिले. बेस्टचं स्वतःचं किमान भाडं जुलै 2019पासून पाच रुपयांवर आलेलं, आणि तिचा तोटा मुंबई महापालिका भरायची. म्हणजे एका सार्वजनिक संस्थेला मिळणारं अनुदान फिरून दुसरीच्या उत्पन्नात जमा होत होतं.

एप्रिल 2021मध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा तेच चक्र. दरम्यान डिझेल चढत गेलं. ऑक्टोबर 2021मध्ये मुंबईत त्याने लिटरला शंभरी ओलांडली. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीने 17.17 टक्के भाडेवाढ केली, तीन वर्षांहून अधिक काळानंतर. आधीची वाढ जून 2018मधली. भाडेवाढ लागू होऊन दोन-तीन दिवस होत नाहीत तोच संप सुरू झाला.

हा संप साध्या पगारवाढीचा नव्हता. मागणी होती विलीनीकरणाची: महामंडळ राज्य सरकारमध्ये मिसळा, आम्हाला सरकारी कर्मचारी करा. वर्षभर थकलेल्या पगारावर जगलेल्या माणसाने काढलेला तो सरळ निष्कर्ष होता. तिकिटावर अवलंबून राहिलं की काय होतं हे त्याने पाहिलं होतं. त्याला आता अर्थसंकल्पातला पगार हवा होता. सरकारने नोव्हेंबरमध्ये पगारवाढ जाहीर केली, विलीनीकरण मात्र समितीच्या अहवालानंतर नाकारलं गेलं. उच्च न्यायालयाने कामावर परतण्यासाठी 22 एप्रिल 2022ची मुदत घातली, तोवर जवळपास सहा महिने गेले होते. संपाच्या काळात बसस्थानकांवरून खासगी वाहनांना प्रवासी नेण्याची परवानगी द्यावी लागली. विषाणूने घालवलेले प्रवासी परत येण्याच्या वेळेला गाड्याच नव्हत्या. म्हणून 2020 ते 2022चा तोटा पाहताना महामारीचा किती आणि संपाचा किती, अशी सुरी फिरवता येत नाही. संप हाही पगाराच्या त्याच भगदाडातून निघाला होता.

लंडनलाही हेच झालं

हे फक्त गरीब राज्यांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर लंडनकडे पाहा. तिथल्या वाहतूक संस्थेला रोजच्या खर्चासाठी मिळणारं केंद्र सरकारचं अनुदान 2018पर्यंत टप्प्याटप्प्याने संपवलं होतं आणि चालू उत्पन्नाचा साधारण 70 टक्के वाटा भाड्यातून यायचा. संस्था स्वतःच्या पायावर उभी म्हणून कौतुक व्हायचं. टाळेबंदीत भुयारी रेल्वेचे प्रवासी 95 टक्क्यांनी घटले आणि मे 2020मध्ये सरकारपुढे हात पसरावा लागला. 160 कोटी पौंड मिळाले, त्यातले काही कर्ज म्हणून, आणि सोबत अटी: शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवरचा गर्दी-कर 11.50 पौंडांवरून 15वर न्या, ज्येष्ठांचा सकाळच्या गर्दीच्या वेळचा मोफत प्रवास थांबवा, संचालक मंडळाच्या बैठकांना सरकारचे प्रतिनिधी बसू द्या. पुढची दोन वर्षं दर काही महिन्यांनी अशीच नवी बोलणी चालली. इतक्या छोट्या मुदतीच्या पैशांवर कुणी पाच वर्षांची गाडीखरेदी ठरवू शकत नाही.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथल्या संसदेने तीन पॅकेजांत मिळून सार्वजनिक वाहतुकीला सुमारे 6,950 कोटी डॉलर दिले आणि मुख्य म्हणजे ते पगार आणि डिझेलवर खर्च करायची मुभा दिली. एरवी मोठ्या शहरांना केंद्राचा पैसा नव्या गाड्या आणि मार्गांसाठी मिळतो, रोजच्या चालवण्यासाठी सहसा नाही. त्यामुळे 2020-21मध्ये त्यांच्या बस फारशा बंद पडल्या नाहीत. त्रास नंतर आला. पॅकेज संपत आली तरी घरून काम करणारी माणसं परतली नाहीत, आणि अनेक शहरांवर फेऱ्या कापण्याची वेळ आली.

मेट्रोंचं तर आणखी अवघड. दिल्ली मेट्रो मार्च 2020च्या अखेरपासून 7 सप्टेंबरपर्यंत बंद होती. बसला निदान जुन्या गाड्या असतात, ज्यांचे पैसे कधीच फिटलेले असतात. मेट्रोच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते असतात, तेही परदेशी संस्थेचे.

मदत मिळाली, गाड्या मिळाल्या नाहीत

पुन्हा एसटीकडे. महामारीपूर्वी ताफा सुमारे 18 हजार गाड्यांचा होता. नंतरच्या वर्षांत तो 15 हजारांच्या आसपास आणि त्याखालीही गेला. कारण साधं आहे. बसला वय असतं. दरवर्षी काही गाड्या मोडीत निघतात आणि तेवढ्याच नव्या याव्या लागतात. पैशांची चणचण असली की सगळ्यात आधी खरेदी पुढे ढकलली जाते, कारण पगार थकला तर माणूस ओरडतो, खरेदी थकली तर कुणी ओरडत नाही. त्या वर्षी. तीन-चार वर्षांनी प्रवासी ओरडतो: गाडी वाटेत बंद पडली, छत गळतं, सहाची गाडी आठला आली. त्यात केंद्राच्या नियमानुसार 15 वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्या एप्रिल 2023पासून रस्त्यावर ठेवता येत नाहीत.

मग प्रवासी परत कसे आणले? सवलतींनी. ऑगस्ट 2022पासून 75 वर्षांवरच्या नागरिकांना मोफत प्रवास, मार्च 2023पासून महिलांना अर्धं तिकीट. सरकार या सवलतीची रक्कम महामंडळाला भरून देतं. प्रवाशांचा आकडा पुन्हा 55 लाखांच्या आसपास गेला. 65 लाख नाही, पण गाड्याही तेवढ्या राहिल्या नव्हत्या. या योजनांची चेष्टा करणारे बरेच आहेत. मला त्या चांगल्या वाटतात. तालुक्याला एकट्याने जाऊन येणाऱ्या, बाजार करणाऱ्या, दवाखाना गाठणाऱ्या बाया कुठल्याही स्थानकावर दिसतात. शिवाय हिशेबाच्या भाषेत पाहिलं तर सरकारने तिकिटाचा अर्धा वाटा स्वतःवर घेतला. विलीनीकरणाला नाही म्हणून मागच्या दाराने थोडं तसंच केलं, असंही कुणी म्हणेल.

फक्त या पैशाची एक मर्यादा आहे. सवलतीची भरपाई प्रवाशामागे मिळते. प्रवासी चढलाच नाही, तर सरकारकडूनही काही येत नाही. म्हणजे उद्या पुन्हा टाळेबंदी झाली तर तिकीट आणि भरपाई दोन्ही एकाच दिवशी बंद होतील. महामारीने ज्या जागी घाव घातला, तीच जागा अजून उघडी आहे. किलोमीटरमागे दिलेलं अनुदान असं कोसळत नाही: अमुक गावाला दिवसात अमुक फेऱ्या हव्यात, त्यांचा खर्च इतका, तिकिटातून येईल ते येईल, उरलेलं सरकार देईल, असा करार असला की आठ माणसांची गाडीही रद्द करायचं कारण उरत नाही.

गंमत अशी की किलोमीटरमागे पैसे देण्याची पद्धत एसटीत आली आहे, पण खासगी कंपनीसाठी. नव्या इलेक्ट्रिक गाड्या महामंडळ विकत घेत नाही, भाड्याने घेतं. गाडी कंपनीची, चालकही बहुधा कंपनीचा, वाहक आणि तिकिटाचे पैसे एसटीचे. खरेदीला एकरकमी पैसे लागत नाहीत, म्हणून महामारीनंतर ही पद्धत सगळ्यांना सोयीची वाटली. 5,150 गाड्यांचा करार झाला, आणि गाड्या वेळापत्रकाच्या फार मागे पडल्या. पण त्या आल्या तरी एक बाब तपासावी लागते. अशा करारांत सहसा किमान किलोमीटरची हमी असते: दिवसाला ठरावीक अंतर गाडी चालली नाही तरी त्याचे पैसे कंपनीला द्यायचे. जुनी डिझेल बस थांबली की निदान डिझेल तरी वाचायचं. भाड्याची बस थांबली तर ठरलेली रक्कम देणं भाग पडू शकतं, आणि फेरीच्या खर्चातला बांधील वाटा पूर्वीपेक्षा वाढतो. आपल्या उदाहरणातला 1,400 आणि 2,600चा फरक मग आणखी रुंदावेल. टाळेबंदीसारख्या प्रसंगी हमीचे किलोमीटर माफ होतात का, आणि झाले तर किती, हे प्रत्येक कराराच्या एखाद्या कलमात लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी आगाराला किती तोटा होईल, ते त्या कलमावर ठरेल.